खारीचा वाटा आणि ठासणीची बंदूक

सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांत बैठकीला बसले की खते-बियाण्यांचे बोलणे संपल्यावर एक विषय हमखास निघतो. "साहेब, खारींनी भुईमूग उकरून खाल्ला, काय करावं?" दुसरा म्हणतो, "सशांनी हरभऱ्याचे शेंडे खुडले." मग मागून कोणीतरी हळूच बोलतो, "घरात आज्याची ठासणीची हाय. एक-दोन बार काढले की समदं गप होतंय." लोक हसतात आणि विषय तिथेच राहतो. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्यावर चार शब्द.

बंदूक कशी, धोका कुठे

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीची बोळी, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा बोळी, आणि घोड्याखाली टोपी. म्हणजे कारखान्यात जे काम मोजून-मापून होते ते इथे माणूस हाताने, बहुतेक वेळा अंधारात आणि अंदाजाने करतो. धोक्याचे मूळ इथेच आहे.

पावसाळी हवेत दारू सर्दावते. चाप ओढला तरी बार उडत नाही. माणसाला वाटते की बार फुकट गेला. तो नळीकडे वाकून बघतो आणि तेवढ्यात उशिराने बार उडतो. दुसरे असे की, आधीचा बार आतच आहे हे विसरून वरून दुसरा ठासला जातो. दुप्पट दाब जुन्या, गंजलेल्या नळीला सोसत नाही आणि ती हातातच फुटते. लागोपाठ बार भरताना नळीत एखादी ठिणगी धुमसत असेल तर ओतता ओतताच दारू पेट घेते. फटाके फोडून काढलेली दारू किंवा काडतुसातली दारू वापरणे तर त्याहून वाईट. त्या दारूचा जोर वेगळा असतो, ही नळी त्यासाठी केलेलीच नसते. यात डोळा जातो, बोटे जातात. शेतकऱ्याचा उजवा हात गेला तर त्याच्या मागे सगळे घर बसते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ठासलेली बंदूक रिकामी करणे कटकटीचे असते. बार उडवणे हाच सोपा मार्ग. म्हणून शिकार मिळाली नाही की ती भरलेलीच घरी येते आणि दाराआड उभी राहते. घरात लेकरे असतात. पुढचे सांगायला नको.

शिवारातही तसेच. तूर आणि ज्वारी पुरुषभर वाढलेली असते. छर्रे फैलावत जातात, ते खार आणि माणूस यात फरक करत नाहीत. पलीकडे कोणी पाणी द्यायला आलेला असतो, कोणाचे वासरू चरत असते. रात्री बॅटरीच्या उजेडात नुसते चमकणारे डोळे दिसतात, ते कोणाचे हे कळत नाही.

कायदा काय म्हणतो

इथे दोन वेगळे कायदे आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळावा अशी तरतूद त्याच्या कलम १३ मध्ये खास केलेली आहे. जुन्या माणसांच्या घरात अशा परवान्याच्या बंदुका आल्या त्या यातूनच. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. आजोबा वारले की बंदूक आपोआप नातवाची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागावा लागतो. नूतनीकरण न केलेली बंदूक भिंतीवर टांगून ठेवणे हाही गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ वर्षे आणि ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावठी बंदूक तयार करणाऱ्याला किमान ७ वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

दुसरा कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. तो आला तेव्हा त्यात लहान शिकारीची स्वतंत्र अनुसूची होती आणि लायसन घेऊन शिकार करता येत असे. बुजुर्ग सांगतात तो काळ हाच. १९९१ च्या दुरुस्तीने ती लायसन पद्धत बंद झाली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या व १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. आज ससा, रानडुक्कर, रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तर मोर आणि काळवीट पहिल्या. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड. इतर गुन्ह्यांत ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट एकच. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ प्रमाणे शिकारीची परवानगी वनाधिकारी लेखी देतो. दोन्ही कागद हातात असल्याशिवाय बार काढू नये. आणि "खारच तर मारली" हा बचाव चालत नाही. निशाण्यावर काय होते हा प्रश्न पुढचा, बंदूक कोणाची आणि परवाना कुठे हा प्रश्न आधी विचारला जातो.

खार खाते किती?

खार नुकसान करते हे खरे. पेरलेला भुईमूग उकरते, पेरू-डाळिंब कुरतडते, उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या फोडते. पण हे नुकसान बांधाच्या कडेला, झाडाच्या जवळ आणि थोड्या दिवसांत होते. त्यावर थोड्या खर्चाचे उपाय आहेत.

१) भुईमूग पेरल्यापासून उगवेपर्यंतचे ८-१० दिवस सकाळ-संध्याकाळ राखण करा. गोफण, डबा, बुजगावणे याच काळात कामी येतात. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर खारी त्याच्यावरच बसतात.

२) शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी पेरणी करा. एकट्याचे शेत आधी पेरले तर सगळी खाणारी तोंडे तिथेच जमतात. गेलेल्या जागी लगेच नांग्या भरा.

३) फळझाडाच्या खोडाला माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बसवा आणि दुसऱ्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटा. डाळिंब, पेरू, सीताफळाला पिशव्या बांधा.

४) खार नळी फोडते ती बहुतेक पाण्यासाठी. उन्हाळ्यात बांधावर दोन-चार ठिकाणी मातीच्या भांड्यांत पाणी ठेवा.

५) विषारी दाणे उघड्यावर टाकू नका. त्याने चिमण्या, कोंबड्या आणि गावची कुत्री मरतात.

मोठ्या जनावरांचे काय?

शेतकऱ्याचे खरे कंबरडे मोडते ते रानडुक्कर आणि रोही. इथे हातावर हात ठेवून बसा असे कोणी म्हणणार नाही. पण वाट कागदाची धरा. नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सातबारा जोडा, फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसे राहू द्या. उशिरा दिलेला अर्ज पडून राहतो, ही नेहमीची तक्रार आहे. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली मदत मिळते, तिची चौकशी वन खात्याकडे करा. हरभऱ्याभोवती काटेरी करडईच्या चार ओळी हा जुना उपाय आजही चांगला. विजेचा प्रवाह सोडलेली तार मात्र कधीच लावू नका. तिच्यात आधी घरचाच माणूस सापडतो.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनी एक काम करावे. ग्रामसभेत कोणाचे नाव न घेता जाहीर सांगावे की ज्यांच्या घरी वडिलोपार्जित बंदूक आहे, त्यांनी परवाना तपासून घ्यावा, मुदत संपली असेल तर ती रीतसर जमा करावी. पोलीस पाटलांनी अशा घरी सोबत जावे. माणसे पोलीस ठाण्याच्या पायरीला भितात, म्हणून बंदूक कणगीआड राहते. शिकारीचा छंद एखाद्या जमातीच्या नावावर खपवू नये. बंदूक पाटलाच्या वाड्यात असो की पालावर, कायदा सगळ्यांना एकच.

सेतू बांधताना वाळू वाहणारी खार आपल्या घराघरांत सांगितली जाते. थोड्याशा मदतीला "खारीचा वाटा" म्हणायची आपली रीत त्यातूनच आली. पिकातलाही तिचा वाटा तेवढाच असतो, मूठभर. त्या मुठीसाठी हात, डोळा किंवा कोर्टाच्या तारखा पदरात घेणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. यंदा पेरणीआधी बी-बियाण्याबरोबर घरातल्या जुन्या बंदुकीचाही कागद बघून घ्यावा, एवढीच विनंती.