पुन्हा बाकावर

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्या आठवड्यात औंधच्या शिक्षकांना बोलायला दुसरा विषय उरला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायची. नाहीतर घरी बसायचे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट आहे, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आलीच. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. आमची शाळा त्यात मोडत नाही.

आम्ही चिडलो. बी.एड. केले, वीस वर्षे उर्दू आणि मराठी शिकवली आणि आता आमचीच पात्रता तपासणार? महाराष्ट्रात ही परीक्षा सुरू झाली २०१३ साली. आम्ही रुजू झालो तेव्हा ती नव्हतीच. हा राग अजून पुरता गेलेला नाही आणि तो अगदीच नाहक आहे असेही वाटत नाही.

पण घरी दहावीतली लेक म्हणाली, "अम्मी, तू आमची दर शनिवारी चाचणी घेतेस. तेव्हा आम्ही कधी चिडलो का?"

त्या रात्री इशा झाल्यावर जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला घेतली. १५० प्रश्न, १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. आम्हाला पडले ८१. उर्दू-मराठीने तारले, गणिताने बुडवले. खरी लाज वाटली ती बालमानसशास्त्राची. पियाजेच्या अवस्था बी.एड.ला पाठ केल्या होत्या, वर्गात रोज मुले समोर असतात, आणि दोन्हींची सांगड आम्ही कधी घातलीच नव्हती.

औंधच्या मातीत चाळिशीनंतर नवा डाव मांडणाऱ्याची गोष्ट आहे, ती त्या दिवसांत फार आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत असे कळले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. तिथे बढती डावलली गेली. मग बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. प्रत्येक वळणावर पुस्तके मागवून आणि यंत्रे खोलून शिकणे सुरूच. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. साल १९१०. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळिशीचे. त्या माळावरची किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे.

आमचा अपमान झाला असे वाटले तसे त्यांनाही बढतीच्या वेळी वाटलेच असेल. फरक इतकाच की त्यांनी रागाबरोबर पुस्तकही उघडले.

हे फक्त शिक्षकांचे दुखणे नाही. आमच्या मोहल्ल्यात मोटार वाइंडिंग करणारे एक भाई आहेत. इन्व्हर्टर, सौर पंप आले तेव्हा "हे आपले काम नाही" म्हणून त्यांनी ते परत पाठवले. गिऱ्हाईक हळूहळू वडूजला जाऊ लागले. आता त्यांचा मुलगा आयटीआयला आहे आणि सुट्टीत तो वडिलांना शिकवतो. बापाने मुलाकडून शिकायचे, हे त्यांना फार जड गेले.

घरात दहावी राहिलेली सून असेल तर तिच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे वयाची वरची अट नाही. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. उर्दूतून शिकायचे तर हैदराबादचे मौलाना आझाद विद्यापीठ दूरशिक्षण देते. फीपेक्षा अडचण वेळेची असते. घरातल्या कुणीतरी दोन तास भाकरी-भांडी सांभाळली नाहीत तर कुठलाही फॉर्म उपयोगाचा नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्याकडे ते दोन तास सासूबाईंनी उचलले.

परवा तिसऱ्यांदा प्रश्नपत्रिका सोडवली. लेक घड्याळ लावून शेजारी बसली होती. ८८ गुण. दोन कमी पडले. तिने लाल पेनाने गणिताच्या पाच प्रश्नांवर गोल केले आणि म्हणाली, "हे उद्या परत."