एक बारीक फट आणि मुके झालेले स्वर

लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट आपण सर्वांनीच ऐकलेले असते. असेच १३ चाव्यांचे, काळ्या लाकडाचे एक जुने वाद्य आमच्याकडे दुरुस्तीला आले. त्यातून वरचे स्वर कसेबसे निघत, खालचे मुळीच नाहीत. लाकडाला तडा नव्हता, पत्तीही नवी होती. मग दोष कोठे असावा?

क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सर्वत्र सारख्या व्यासाची असते आणि पत्तीच्या टोकाला ती बंद नळीप्रमाणे वागते. अशा नळीतील सर्वांत खालच्या स्वराची तरंगलांबी नळीच्या साधारण चौपट असते. म्हणून सुमारे ६० सेंटिमीटर लांबीतून सेकंदाला दीडशेच्या आसपास कंपने मिळतात. वरच्या स्वरांकडे जाताना वादक एका चावीने अगदी लहान छिद्र उघडतो. तेथे दाब निसटल्याने मूळ कंपन टिकत नाही व सुमारे तिप्पट वारंवारितेचे कंपन उमटते. चावीखालचे पॅड झिजले, की नेमके असेच छिद्र नको तेथे उघडे राहते!

पॅड म्हणजे पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकरीचा नमदा आणि त्यावर जनावराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा. श्वासाच्या ओलाव्याने नमदा फुगतो, वाळला की आकसतो. पापुद्रा फाटतो, लोकरीला कसर लागते.

जुने पॅड लाखेने चिकटवलेले असते. चावी वाद्यापासून सोडवूनच तापवावी, कारण आचेने जुने लाकूड तडकू शकते. लाख मऊ झाली, की पॅड सुटते. वाटीचा आतला व्यास मोजून आम्ही नवे पॅड बसवले आणि येथेच चुकलो. आजचे पॅड जाड, जुनी वाटी उथळ. चावी बिजागरीवर फिरत असल्याने जाड पॅडची बिजागरीकडची कड आधी टेकते व समोरची उघडी राहते. मग पातळ पॅड घेतले. कागदाची पातळ पट्टी पॅडखाली चारही बाजूंना धरून ओढली. सगळीकडे ती सारखीच अडली, तेव्हा खालचा स्वर पुन्हा बोलू लागला. काढलेली पॅड मात्र आम्ही पाकिटात जपून ठेवली. वाद्याच्या इतिहासाचा तो पुरावा आहे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. शीतपेयाच्या नळीचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापा आणि फुंका. आता मध्यावर टाचणीने भोक पाडा. स्वर बदलला किंवा बिघडला? भोकावर बोट ठेवून पुन्हा फुंका आणि कारण विद्यार्थ्यांनाच विचारा.