दफनभूमीतील धातू : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूमीच्या पोटात पुरलेल्या द्रव्याविषयीचे कुतूहल आपल्या समाजात फार जुने आहे. परंतु पूर्वी ज्या कामासाठी मांत्रिक, पायाळू माणूस आणि अमावास्येची रात्र लागे, ते काम आज बाजारात सहज मिळणाऱ्या धातुशोधक यंत्राने भरदिवसा करता येते, आणि त्यामुळे ज्या कृत्याला निदान भीतीचा तरी बांध होता त्याला आता विज्ञानाची प्रतिष्ठा लाभल्यासारखे दिसते. गावकुसाबाहेरची जुनी कबरस्ताने, कंपनी सरकारच्या छावण्यांजवळची गोऱ्या शिपायांची थडगी आणि विदर्भाच्या माळरानांवर विखुरलेली लोहयुगीन शिलावर्तुळे यांच्यासंबंधी काही समजुती इतक्या रूढ आहेत की सभ्य, सुशिक्षित माणसेही त्या निःशंकपणे बोलून दाखवितात. त्या एकेक करून तपासणे अगत्याचे आहे. कारण येथे प्रश्न केवळ कायद्याचा नसून, ज्याला स्वतःची बाजू मांडायला आता उभे राहता येत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, याचा आहे.

गैरसमज : जुन्या थडग्यात सोनेनाणे हमखास असते.

वस्तुस्थिती : मुसलमानांच्या दफनविधीत मृत देह साध्या कफनात गुंडाळून मातीच्या स्वाधीन केला जातो, त्याच्यासोबत द्रव्य ठेवण्यास त्या विधीत स्थानच नाही. ख्रिस्ती थडग्यात शवपेटीचे खिळे, गणवेशाची बटणे, क्वचित एखादा क्रूस किंवा अंगठी, आणि लिंगायताच्या समाधीत त्याचे इष्टलिंग, एवढीच काय ती संपत्ती. राहिली विदर्भातील शिलावर्तुळे. नागपूरजवळ जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आढळली असून तेथील पहिले उत्खनन रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात केले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर उत्खनने केली. माहुरझरीस सोन्याचे थोडे अलंकार मिळाले हे खरे. परंतु या दफनांतून प्रामुख्याने हाती आले ते लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर, मातीची भांडी, मणी, आणि मालकाबरोबर पुरलेल्या घोड्यांचे तांब्याचे मुखालंकार व लोखंडी लगाम. विद्वानाला हे धन अमोल आहे. द्रव्यलोभी मनुष्याच्या हाती मात्र भंगारापलीकडे काही लागत नाही, आणि तेवढ्यासाठी तो एका संपूर्ण दफनाचा विध्वंस करून जातो.

गैरसमज : यंत्र नुसते वाजते, वरवर उकरून एखादी वस्तू काढली तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : यंत्राच्या चकतीतील वेटोळ्यातून वाहणारा पलटता विद्युत्प्रवाह भोवताली चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगी क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र नादाच्या रूपाने कळविते, येथवर जमिनीला खरोखरच इजा होत नाही. इजा होते ती त्यानंतरच्या कुदळीने. खाली धातू आहे एवढेच यंत्र सांगते. तो गेल्या वर्षीचा खिळा आहे की अडीच हजार वर्षांपूर्वीचे कडे आहे, आणि ते कडे मनगटाच्या हाडात आहे की एखाद्या मडक्यात, हे सांगण्याची शक्ती त्याला नाही. शिवाय हौशी शोधक पुष्कळदा लोखंडाचा नाद वगळण्याची योजना करून ठेवतात, कारण त्यांच्या लेखी लोखंड म्हणजे कचरा. आणि विदर्भातील त्या प्राचीन लोकांचे खरे वैभव तर लोखंडच होते, इतके की नायकुंड येथे लोखंड गाळण्याची त्यांची भट्टीही उत्खननात सापडली आहे.

वस्तू आणि तिचे स्थान यांचा संबंध तुटला म्हणजे काय नष्ट होते, हे नेवासे येथील एका दाखल्यावरून ध्यानी येईल. तेथे ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली आणि त्या मण्यांत मूळच्या धाग्याचा अंश शिल्लक होता. तांब्याच्या क्षारांनी कुजण्यापासून राखलेला तो धागा म्हणजे या प्रदेशातील वस्त्रविद्येचा प्रत्यक्ष पुरावा ठरला. तेच मणी कोणी घाईने उपसून, घासूनपुसून लख्ख केले असते, तर मणी उरले असते. परंतु धागाही गेला असता आणि ज्या गळ्यात ते होते ते बालकही इतिहासातून पुसले गेले असते.

याच्या उलट दाखला प्रवराकाठच्या दायमाबादचा. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या साठ किलोंहून अधिक वजनाच्या धातुमूर्ती सापडल्या. त्या मूर्ती दफनातल्या नव्हत्या, त्या मनुष्याचा हेतूही लुटीचा नव्हता, आणि त्या आज राष्ट्राची संपत्ती आहेत. तथापि मातीच्या कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात त्या होत्या याची शास्त्रीय नोंद सापडतेवेळी झाली नाही, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिला. निरागस योगायोगानेही जर एवढी हानी होत असेल, तर हेतुपूर्वक, लपूनछपून केलेल्या खोदकामाने किती होत असेल!

गैरसमज : जमिनीत ते गंजूनच जाणार, बाहेर काढणे म्हणजे वाचविणे.

वस्तुस्थिती : शेकडो वर्षे पुरलेल्या धातूवर गंजाचे कवच बसते आणि भोवतालच्या मातीशी त्याचा एक प्रकारचा समतोल साधला जातो, वस्तू बाहेर काढताच हवा व आर्द्रता यांच्या स्पर्शाने तो समतोल मोडतो. लोखंडात मुरलेले क्षार त्याला आतून फोडू लागतात, तांब्याच्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी उगवते, आणि योग्य रासायनिक उपचार वेळीच न झाल्यास जे शतकानुशतके टिकले ते थोड्या अवधीत ढासळते. शेतीची नांगरट किंवा रस्त्याचे काम यांमुळे स्थळ खरोखरच धोक्यात असेल, तर त्याचा उपाय तज्ज्ञांना पाचारण करणे हा आहे.

गैरसमज : जागा बेवारस, फलक नाही, राखणदार नाही, तेव्हा ज्याला सापडेल त्याचे.

वस्तुस्थिती : १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही अंमलात आहे. त्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी देणे सक्तीचे असून, ती न देणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. वर्दी देणाऱ्याची उपेक्षाही तो कायदा करीत नाही. सरकारने निधी संपादन केल्यास धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक रक्कम देण्याची तजवीज त्यात आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करणे निषिद्ध आहे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. दफनभूमीत अनधिकाराने शिरून मृतांची विटंबना करणे पूर्वीच्या दंडविधानाच्या २९७ व्या कलमाखाली गुन्हा होते, आणि नव्या न्यायसंहितेच्या ३०१ व्या कलमाखाली आजही आहे. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी कृत्यांना तर महाराष्ट्राने २०१३ साली स्वतंत्र कायद्याने प्रतिबंध केला.

परंतु कायद्याहून मोठी गोष्ट अशी की, बेवारस वाटणारे थडगे बहुधा बेवारस नसते. घोडनदीकाठच्या शिरूर येथे १८०९ साली निवर्तलेल्या कर्नल वॉलेस या गोऱ्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. त्याचे आप्त सातासमुद्रांपलीकडे राहिले, पण भोवतालच्या शेतकऱ्यांनी त्याला सत्पुरुष म्हणून भजले. रक्ताचा वारस नाही म्हणून मृताचा हक्क संपत नाही; ज्या गावाच्या भूमीत तो विसावला ते गावच त्याचे वारस होते.

गैरसमज : पाश्चात्य देशांत हा छंद मोकळेपणी चालतो, आपणच सोवळे पाळतो.

वस्तुस्थिती : इंग्लंडात हा छंद लोकप्रिय आहे, परंतु मोकाट नाही. तेथे जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत अनुमतीवाचून असे यंत्र नुसते वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. निधी सापडल्यास १९९६ च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत वर्दी द्यावी लागते. आणि पुरलेले मानवी अवशेष हलविण्यावर १८५७ पासून परवान्याचे बंधन आहे. यंत्राचा सदुपयोग कसा करावा याचा धडाही परदेशातच मिळतो : अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या रणभूमीवर १९८३ च्या वणव्यानंतर संशोधकांनी याच यंत्राने प्रत्येक काडतुसाची व गोळीची जागा नकाशावर टिपली आणि त्या नोंदींवरून लढाईचा क्रम नव्याने उलगडला. दोष यंत्रात नाही. नोंदीवाचून आणि अनुमतीवाचून चालणाऱ्या हातात आहे.

गैरसमज : पुरातत्त्वज्ञही थडगीच उकरतात, मग भेद तो काय?

वस्तुस्थिती : हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे इनामगाव येथे उत्खनन केले. बालकांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांस लावून घराच्या जमिनीखाली पुरण्याची, तसेच प्रौढांचे पाय घोट्यापासून वेगळे करून दफन करण्याची तेथील चाल आपल्याला कळली. अस्थी व दात यांच्या अभ्यासावरून त्या शेतकऱ्यांचा आहार व आजारपणही कळले. आणि हे सर्व चित्रे व मोजमापांसह प्रसिद्ध होऊन कोणालाही तपासण्यास खुले झाले. परवाना, नोंद, जतन आणि प्रकाशन या चार गोष्टी उत्खननाला लुटीपासून वेगळे करतात. तथापि विद्वत्ता म्हणजे सर्वाधिकाराची सनद नव्हे, हे खुद्द पुरातत्त्वज्ञांनाही उमगले आहे : जागतिक पुरातत्त्व परिषदेने १९८९ साली व्हर्मिलियन येथे मृतांच्या अवशेषांविषयी, त्यांच्या वंशजांच्या इच्छेविषयी आणि संशोधनाच्या प्रयोजनाविषयीही समान आदराची तत्त्वे मान्य केली, आणि अमेरिकेने १९९० च्या कायद्याने आदिवासींचे पूर्वज त्यांना परत करण्यास प्रारंभ केला. ज्यांनी ज्ञानासाठी खणले त्यांनाही जर आपल्या हक्काची मर्यादा मान्य करावी लागली, तर केवळ हौसेसाठी किंवा मोबदल्यासाठी खणणाऱ्याने कोणता हक्क सांगावा?

तेव्हा नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात किंवा घराच्या पायात असे काही लागलेच, तर काम थांबवावे, वस्तू घासू अथवा हलवू नये, जागेवर खूण ठेवून छायाचित्र घ्यावे, आणि तहसीलदाराला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि मुद्दाम शोधण्यासाठी यंत्र घेऊन दफनभूमीत पाऊल ठेवूच नये. मृताजवळ जे ठेवले गेले ते कोणीतरी दुःखाने आणि विश्वासाने ठेवलेली अमानत आहे, आणि अमानतीचा नियम असा की ती ठेवणारा विसरला किंवा निमाला, तरी राखणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. आपण आपल्या माणसांना मातीत ठेवतो तेव्हा पुढील पिढ्यांच्या सद्‌वर्तनावर विसंबून ठेवतो. तोच विश्वास मागील पिढ्यांनी आपल्यावर टाकलेला आहे, आणि तो पाळण्यासाठी कोणत्याही कायद्याच्या धाकाची वाट पाहणे आपल्याला शोभणारे नाही.