कॅप्टन बाकावर, आवाज माइकवर : ख्रिस मार्लो

बरेच खेळाडू निवृत्तीनंतर माइक हातात घेतात. पण ते बहुतेक ‘एक्सपर्ट’च्या खुर्चीत बसतात. बॉल कुठे गेला, स्कोअर किती, हे सांगणारा माणूस वेगळा असतो, त्याला प्ले-बाय-प्ले म्हणतात. आजचा आपला माणूस व्हॉलीबॉल खेळून या दुसऱ्या खुर्चीत बसला, आणि तेही बास्केटबॉलच्या!

ख्रिस मार्लो, जन्म 1951, कॅलिफोर्निया. कॉलेज सॅन दिएगो स्टेट, 1973 मध्ये तिथल्या टीमसोबत राष्ट्रीय विजेतेपद. बीचवरही खूप खेळला. पण अमेरिकेची पुरुष टीम 1976 च्या ऑलिंपिकसाठी पात्रच ठरली नव्हती, 1980 ला तर अख्ख्या देशानेच बहिष्कार टाकला. उरलं 1984, लॉस एंजेलिस, म्हणजे घरचंच मैदान. आणि कोच डग बीलने त्याला टीममधून काढलं.

आता जरा सेटर समजून घेऊ. व्हॉलीबॉलमध्ये तीन टच मिळतात. मधला टच बहुतेक वेळा सेटरचा. तो बॉल असा वर ठेवतो की दुसऱ्याने स्मॅश मारावा. टाळ्या दुसऱ्यालाच! मार्लो सेटर होता. ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यात रॉड वाइल्ड या सेटरचा पाय मोडला आणि मार्लोला परत बोलावणं आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बंद करून ठेवलेला बॅकअप सर्व्हर रिलीजच्या आदल्या रात्री चालू केला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. मुख्य सेटर होता डस्टी ड्वोराक, त्यामुळे मार्लोचा बराच वेळ बाकावर गेला. तरी टीमचा कॅप्टन तोच!

गटातल्या मॅचमध्ये ब्राझीलने अमेरिकेला 3-0 धुतलं होतं. फायनलला पुन्हा ब्राझीलच समोर, आणि यावेळी अमेरिकेने 15-6, 15-6, 15-7 असं गुंडाळलं. गोल्ड! (सोव्हिएत टीम बहिष्कारामुळे आलीच नव्हती, हे सांगायला हवं.)

नंतर टीव्ही. ऑलिंपिकमधल्या बीच व्हॉलीबॉलला एनबीसीवर त्याचा आवाज असायचा. 2008 ला बीजिंगमध्ये शेजारी कार्च किराय होता, 1984 च्याच टीममधला स्टार. किराय विश्लेषण करणार, मार्लो त्याला वाक्य उचलून देणार. मला तर हे सेटरचंच काम वाटतं.

2004 पासून तो अल्टिट्यूड चॅनलवर एनबीएच्या डेन्व्हर नगेट्सच्या मॅच सांगू लागला. सोबत स्कॉट हेस्टिंग्ज, तो स्वतः एनबीए खेळलेला.

आता खरी गंमत, किंवा चीड आणणारी गोष्ट म्हणा. 2019 मध्ये केबल कंपनी कॉमकास्ट आणि अल्टिट्यूड यांचं पैशांवरून फिसकटलं आणि चॅनल त्यांच्या केबलवरून गेलं. ते परत आलं 2025 मध्ये. मधल्या काळात, 2023 ला, नगेट्स पहिल्यांदा चॅम्पियन झाले! त्या सीझनभर मार्लो बोलत होता, आणि डेन्व्हरमधल्या कितीतरी घरांत तो ऐकूच येत नव्हता. आपण ॲप उघडतो आणि मॅच दिसत नाही, कारण हक्क दुसऱ्याच कंपनीकडे गेलेले असतात. अगदी तसंच.

आणि हो, 1984 च्याच टीममधला पॉल संडरलँड पुढे लॉस एंजेलिस लेकर्सचा प्ले-बाय-प्ले झाला. त्याच्यावर वेगळा भाग करू.