वाटेवरचे ऋण

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, शहरापासून दोन-अडीच कोसांवर जी टेकडी उभी आहे, जिला प्राचीन लेखांत त्रिरश्मी म्हटले आहे आणि जिच्या अंगातील 24 लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात, तिच्या दहाव्या लेण्यात एका सत्ताधाऱ्याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माचा ताळेबंद दगडात कोरून ठेवला आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा हा जावई उषवदात. त्याच्या लेखात गाईंची, गावांची आणि सुवर्णाची दाने आहेत. तशी ती कोणत्याही राजकुलाच्या प्रशस्तीत आढळतात आणि वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. परंतु त्याच लेखात पुढे असे नमूद आहे, की भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी चौसोपी निवारे बांधले, विहिरी, तळी आणि बागा केल्या. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या सहा नद्यांवर नावेने पलीकडे जाण्याची विनामोबदला तजवीज केली. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्यासाठी सभा व पिण्याच्या पाण्यासाठी पाणपोया घातल्या. यातील गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकच्या परिसरातलेच त्या काळचे नगर.

दोन्ही तीरांवर, हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. ज्याने स्वतः कधी पलीकडून येणाऱ्या नावेची वाट पाहत काठावर ताटकळत दिवस घालवला नाही, त्याला एका तीरावरची पाणपोई पुरेशी वाटली असती. हाच उषवदात त्याच लेखात सांगतो, की स्वामींच्या आज्ञेवरून तो ऐन पावसाळ्यात, मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या सोडवणुकीसाठी उत्तरेकडे गेला होता आणि तेथून पुष्करतीर्थी जाऊन त्याने स्नान व दान केले. भर पावसात लष्कर घेऊन नद्या उतरणाऱ्या माणसाला वाट आणि पाणी या दोन गोष्टींची किंमत कळली असली पाहिजे, आणि ती कळल्यावर ज्या अनाम नावाड्यांनी त्याला पार केले असेल त्यांचे ऋण, त्यांचा पुन्हा शोध घेणे अशक्य असल्यामुळे, पुढच्या प्रत्येक वाटसरूला पार करून फेडावे असे त्याला वाटले असावे, हा माझा तर्क आहे. पण लेख वाचताना त्या तर्कावाचून राहवत नाही.

दानाची तरतूदही किती चोख! गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, त्याने त्या काळच्या नाण्यांत 3,000 कार्षापणांची कायमची ठेव ठेवली: 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1,000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, व्याजच तेवढे खर्चावयाचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब अचूक जुळतो. भिक्षू बदलतील, कोष्टी बदलतील, देणारा तर राहणारच नाही, तरीही दर पावसाळ्यात कोणा अनोळखी माणसाच्या अंगावर वस्त्र असेल, इतका भरवसा सामान्य कारागिरांच्या एका श्रेणीवर ठेवला गेला. श्रद्धा हा शब्द आपण बहुधा देवळापुरता वापरतो, पण दरमहा व्याज मोजणाऱ्या कोष्ट्याच्या सचोटीवर पिढ्यांचा भार टाकणे, यात मला तिचे तितकेच शुद्ध रूप दिसते.

त्याच टेकडीतील सतरावे लेणे एका परदेशी प्रवाशाचे आहे. दत्तामित्री नावाच्या उत्तरेकडील नगराचा, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, जातीने यवन म्हणजे ग्रीकवंशीय, इतक्या लांब या सह्याद्रीच्या पायथ्याशी आला, आणि आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने आपला पुत्र धर्मरक्षित याच्यासह हे लेणे, आतील चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवून ती सर्व संघाला अर्पण केली. परक्या देशात आलेल्या माणसाने ज्या भूमीने आपल्याला थारा दिला तिच्यातच आईवडिलांचे ऋण मांडावे, आणि ते मांडताना पाण्याच्या टाक्यांची आठवण ठेवावी! उषवदात काय किंवा इंद्राग्निदत्त काय, दोघांची कृतज्ञता शेवटी कोणा तहानलेल्याच्या ओंजळीपर्यंत पोचते. माझ्या या लेखनाचा विषय तोच आहे: प्रवासात आणि नित्याच्या जगण्यात आपल्याला जे मिळते त्याचा दाता बहुतेक वेळा सापडत नाही, म्हणून त्याची परतफेड मागे न जाता पुढे जाते, आणि ती पुढे जात राहील या विश्वासावरच माणूस घराबाहेर पाऊल टाकतो.

नाशिकला या देवघेवीचे लिखित दप्तरही आहे. गोदावरीवरील रामकुंडाच्या आसपास ज्या तीर्थोपाध्यायांची घराणी पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्यांच्या वह्यांत येणाऱ्या यजमानाचे गाव, आडनाव, वडील, आजा, पणजा, बरोबर आलेली माणसे आणि येण्याचे कारण यांची नोंद होते; जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी खाली यजमानाची स्वदस्तुरची सही. विदर्भातून वा कोकणातून अस्थिविसर्जनासाठी आलेला एखादा माणूस, दुःखाने आणि प्रवासाने थकलेला, उपाध्यायांना गावाचे व कुळाचे नाव सांगतो, बासन सुटते, पाने उलटतात, आणि ज्या पणजोबांचे छायाचित्रसुद्धा घरात नाही त्यांचे अक्षर अकस्मात समोर येते. तेही याच घाटावर, बहुधा अशाच एका शोकाने, बैलगाडीतून मजल दरमजल करीत आले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला या वह्या वंशावळीचे साधन म्हणून मोलाच्या आहेत. ज्याच्या हाती ते पान पडते त्याला मात्र आपण या वाटेवर पहिले आलेलो नाही एवढेच कळते आणि तेवढ्याने त्याला धीर येतो.

नाशिकच्या पश्चिमेस, जेथे गोदावरी उगम पावते, त्या त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीविषयी वारकरी परंपरेत एक कथा प्रसिद्ध आहे. विठ्ठलपंत आपल्या पत्नी व चार मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, पळापळ झाली, आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. त्या गुहेत गहिनीनाथ होते. त्यांनी मुलाला उपदेश दिला. निवृत्तीने तो ज्ञानदेवाला दिला. आणि शके 1212 मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या ग्रंथाने मराठी मन सातशे वर्षे घडविले, त्याचा उगम परंपरेने एका चुकलेल्या वाटेत पाहिला, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही. ज्ञानदेवांनी तर अध्यायामागून अध्यायाच्या आरंभी सद्गुरूचे स्तवन केले आहे. स्वतःच्या कर्तृत्वाचा उच्चार करण्याची वेळ आली की ते नेमके निवृत्तिनाथांकडे बोट दाखवतात. पाठच्या भावंडांना एकामागून एक निरोप देऊन या थोरल्या भावाने शके 1219 मध्ये त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. त्या समाधीच्या दर्शनाला पौष वद्य एकादशीस, कडाक्याच्या थंडीत, जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून दिंड्या पायी येतात. आणि ज्येष्ठात येथूनच निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा अशा वाटेने पंढरपुरास निघते.

या वाटेवरील एक शिरस्ता मोठा मनोज्ञ आहे. दिंडी गावात शिरते, गावाने पिठलेभाकरी सिद्ध ठेवलेली असते, पंगती बसतात. आणि जेवून उठलेला वारकरी यजमानाच्या पाया पडण्यास वाकतो तोच यजमान त्याच्या पायांशी वाकलेला असतो. दोघेही एकमेकांना माउली म्हणतात. घेणाऱ्याने आभार मानावेत हे जगात सर्वत्र आहे. परंतु तुम्ही आलात, माझे अन्न घेतलेत, म्हणून देणाऱ्यानेच धन्यता मानावी, हा या वाटेचा विशेष आहे. यामुळे दानाला जो एक बोचरा कंगोरा असतो, देणारा वर आणि घेणारा खाली असा, तो झिजून जातो. चैत्रात हेच दृश्य जिल्ह्याच्या उत्तर अंगास दिसते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील लक्षावधी भाविक रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या काळात सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. ऊन माथ्यावर, डांबर तापलेले, खांद्यावर भगवे निशाण आणि मुखी अहिराणीतील गाणी. मालेगाव, देवळा, कळवण या वाटेवरील गावे रस्त्याकडेला मांडव घालून पाणी, ताक, चहा, जेवण देत उभी राहतात. आज गडावर जाण्यास मोटारी आहेत, 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. तरी ही पायी वाट ओस पडली नाही, याचे कारण मला तरी असे दिसते, की मोटारीतून जाणाऱ्याला कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागत नाही.

घरी राहणाऱ्याचे काय, असे कोणी विचारील. नाशिक-निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार घरी राहूनही दरसाल एका दीर्घ प्रवासाला निघतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, मग फुटवे, फुलोरा, मणी, आणि माल हाती येईपर्यंतचे ते तीन-चार महिने. या काळात एखादा अवकाळी पाऊस किंवा पाव तासाची गारपीट वर्षाचे कर्ज आणि वर्षाची आशा दोन्ही मातीत मिळवू शकते. फवारणी, विरळणी, मजुरी यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. तो भाबडा नसतो. तरीही गारपिटीने झोडपलेल्या बागेत तो पुन्हा कात्री घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या ठायी जे असते त्याला श्रद्धेवाचून दुसरे नाव मला सुचत नाही. आणि श्रावणी अमावास्येला येणाऱ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, जू वाहून कठीण झालेले बैलाचे खांदे तूपहळदीने मळून, उद्या जेवावयास यावे असे त्याला सन्मानाने आमंत्रण देणारा शेतकरी कृतज्ञतेवर व्याख्यान देत नाही. ज्या अवयवाने ओझे वाहिले त्याच अवयवाला तो हात लावतो. आज ट्रॅक्टरमुळे गोठे रिकामे होत चालले आहेत, आणि ज्या घरी बैल नाही तेथे मातीच्या बैलांची पूजा होते. हे मला औपचारिक वाटत नाही, कारण ज्याने पूर्वी पोसले त्याचे स्मरण तो समोर नसतानाही ठेवावयाचे असते.

समोर नसलेल्याचे स्मरण म्हणताच नाशिकच्या तुरुंगाची आठवण होते. 1933 च्या फेब्रुवारीत, 9 तारखेपासून 13 तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, साने गुरुजींनी त्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. आई जाऊन वर्षे लोटली होती. जेथे पावलांना भिंतीपलीकडे जाण्याची मुभा नव्हती तेथे मनाने कोकणापर्यंतचा प्रवास केला, आणि घरच्या दारिद्र्यातील एकेक लहान प्रसंग, पायाला घाण लागू नये म्हणून धरलेल्या पदरासारखा, ऋण म्हणून नोंदला गेला. त्या नोंदीची वाचक मात्र आई नव्हती. ती पुढे जन्मलेली लक्षावधी मुले होती.

येथपर्यंत लिहून थांबलो तर हे लेखन अप्रामाणिक ठरेल. कारण ज्या पंचवटीत यात्रेकरूंचे स्वागत शतकानुशतके झाले, तेथील काळाराम मंदिराची दारे याच गावातल्या आणि याच जिल्ह्यातल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या श्रद्धावंत माणसांवर बंद होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष शिस्तीने चालत त्या दारांशी आले. दारे उघडली नाहीत, सत्याग्रही दारांसमोर बसून राहिले, त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले, आणि पुढे काही वर्षे लढा चालूनही मंदिर उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. गोदेकाठी पाणी ज्याला नाकारले त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. तेथे ऋणको नाकारणारा असतो, आणि ते ऋण नुसत्या हळहळण्याने फिटत नाही. साने गुरुजींना हे कळले होते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि ते खुले झाले.

गाडगे महाराजांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाती घेतला. हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर गाडगे अशा वेषातला हा माणूस तीर्थक्षेत्री जाई, पण देवळात न शिरता वाळवंट झाडी, आणि रात्री कीर्तनात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा हाच देव म्हणून सांगे. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतः मात्र त्यांत खोली घेतली नाही. नाशिकची धर्मशाळा गोदाकाठी आहे; तेथे उतरणारा गरीब यात्रेकरू, आपल्या खालच्या फरशीचे पैसे कोणत्या खेड्यातल्या कोणत्या बाईने पदराच्या गाठीतून सोडून दिले हे कधीच जाणणार नाही. पंढरपुरात गाडगे महाराजांनी बांधलेल्या धर्मशाळेला नाव होते चोखामेळ्याचे, ज्याला आयुष्यभर महाद्वाराबाहेर थांबावे लागले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणासाठी.