दुर्बिणीतील चकाकी

दुर्बिणीतील चकाकी म्हणजे दृश्याबाहेरून येणारा तीव्र प्रकाश नळीच्या आतील भिंती, भिंगांच्या कडा व लोलक यांवरून परावर्तित होऊन प्रतिमेवर पसरणारी धूसर झाक होय. तिच्यामुळे बारीक तपशील हरवतात.

नंदुरबार जिल्ह्यातील पक्षिनिरीक्षणात हा दोष विशेष जाचक ठरतो. १८८४ नंतर खात्रीलायक नोंद नसलेला रानपिंगळा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे जिल्हा) पुन्हा आढळला. हा पक्षी दिवसा वावरतो आणि सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात; रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते अगदी पुसट असतात. उगवतीकडे पाहताना चकाकी नेमका हाच फरक झाकते.

८×४२ दुर्बिणीच्या नेत्रिकेतून सुमारे ५.२ मिमी व्यासाची प्रकाशचकती बाहेर पडते. भर उन्हात डोळ्याची बाहुली २–३ मिमी असल्याने चकतीभोवतीचा भरकटलेला प्रकाश बुबुळावर अडतो. संधिप्रकाशात बाहुली विस्तारते आणि तो आत शिरतो. म्हणूनच दुपारी पसंत केलेली दुर्बीण पहाटे निराशा करते.

खरेदीपूर्वी दुर्बीण उजळ खिडकीखालच्या अंधाऱ्या भिंतीकडे रोखावी (सूर्याकडे कदापि नाही) आणि नेत्रिकेकडे वीतभर अंतरावरून पाहावे. चकतीभोवती काळोख असावा. तेथे चंद्रकोरीसारखे उजळ तुकडे दिसल्यास ती दुर्बीण टाळावी. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो, म्हणून सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप हवा. माणकासारख्या लाल काचा मात्र केवळ शोभेच्या. निरीक्षकाने झाडाच्या सावलीत उभे राहिल्यासही चकाकी बरीच घटते.