नोंदी टिकतील कशा?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील मालगुजारी तलावांतील पाणी, मासे, पक्षी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या, तरच बदल कळतो. आमच्या १९९० च्या दशकातील नोंदींची फाइल आम्ही उघडली, तेव्हा आकडे शाबूत होते. पण तलावांच्या नावांऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसली. असे का झाले?

त्या काळच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट हरवला की मराठीही हरवते. आमची हस्तलिखित वही होती, म्हणून नावे जुळली. १९९१ पासून देवनागरीचा समावेश असलेल्या युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे : २३२५. फाँट बदलला तरी तो बदलत नाही.

म्हणून तक्त्यांची एक प्रत सीएसव्ही या साध्या मजकुराच्या रूपात, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने ठेवावी. तिच्यात रंग टिकत नाहीत. तेव्हा ‘लाल म्हणजे शंकास्पद’ अशी खूण वेगळ्या रकान्यात शब्दांत लिहावी. एकके व मोजण्याची पद्धतही सोबत नोंदवावी.

शाळेतील पर्जन्यमापकाच्या नोंदी अशा ठेवून पाहा. पुढच्या पिढीतील विद्यार्थ्यांनाही त्या वाचता यायला हव्यात.